मोतीबिंदू आणि दिव्यांभोंवतीचीं खळीं

पावसाळ्याच्या तोंडावर रात्रीं चंद्राला खळें पडलें, कीं आपल्याकडील वडील माणसें आकाशाकडे पाहून पावसाचा अंदाज बांधीत. शहरांतील झगमगाटामुळें चंद्राचें खळें हल्लीं फारसें कोणास दिसत नाहीं. पण दिव्यांचें खळें मात्र पुष्कळांना दिसूं लागलें आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविलेलें एखादें माणूस आतां बहुतेक प्रत्येक घरीं असतें. त्यांस सहज विचारून पाहावें. बहुतेक जण सांगतील, कीं सारें लख्ख दिसतें. कांहीं जण मात्र थोडें अडखळून सांगतील, कीं दिसतें उत्तम, पण संध्याकाळीं मोटारींच्या दिव्यांना किरणें फुटतात, डोळ्याच्या कडेला एक काळी कोर उभी राहते, पांढरें धोतर निळसर भासतें. आणि हें सांगतांना त्यांचा आवाज जरा खालीं येतो. ज्या गोष्टीबद्दल कृतज्ञ असावयाचें, तिच्याबद्दल कुरकुर कशी करावी, हा संकोच त्यांच्या मनांत असतो.

श्रोतेहो, आज मी या कुरकुरीचाच इतिहास सांगणार आहें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास अनेकांनीं लिहिला आहे. परंतु तो बहुधा शस्त्रवैद्यांचा इतिहास आहे. शस्त्र कोणतें, भिंग कोणीं कसें काढलें, कोणीं कसें बसविलें, हें त्यांत सविस्तर असतें. पट्टी सोडल्यावर रोग्याला काय दिसलें, हें त्यांत क्वचितच सांपडतें. वास्तविक या विद्येंतील प्रत्येक सुधारणेनें जुना एक दृष्टिदोष दूर करतांना आपल्याबरोबर एक नवा आणला, आणि रोग्यानें तो बोलून दाखविल्यावांचून पुढची सुधारणा बहुधा झालेली नाहीं.

आरंभ आपल्याच घरापासून करूं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत लिंगनाशाच्या शस्त्रक्रियेचें वर्णन आहे. जवाच्या टोकासारख्या अग्राची शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागांतून आंत न्यावयाची व दृष्टीच्या आड आलेला दोष दूर करावयाचा, असा तो विधि आहे. पिकलेलें भिंग वाटेंतून बाजूस सारण्याची जी क्रिया पुढें शतकानुशतकें चालू राहिली, तिच्याच जातीची ही असावी, असें बहुतेक अभ्यासक मानतात. मला या वर्णनांत विशेष वाटतें तें हें, कीं क्रिया संपल्याची खूण शस्त्रवैद्याच्या हातांत नाहीं, रोग्याच्या तोंडांत आहे. रोग्यास रूपें दिसूं लागलीं म्हणजे शलाका हळूच काढून घ्यावयाची. मग तुपाचा उपचार व पट्टी. रोग्यानें शिंकूं नये, खोकूं नये, ढेकर देऊं नये, थुंकूं नये. दर तिसऱ्या दिवशीं डोळा काढ्यानें धुवावा. आणि दहा दिवस हा संयम पाळावा. आजही घरीं आल्यावर वांकूं नका, जड उचलूं नका, डोळा चोळूं नका, असें जें आपणांस सांगतात, त्याचें हें फार जुनें रूप आहे.

या रोग्याला पुढें काय दिसत असेल? भिंग वाटेंतून सरलें, म्हणजे अंधार गेला. परंतु प्रकाशकिरण एकत्र आणणारें साधनही गेलें. चष्मा तर नाहींच. अशा डोळ्याला दारांत कोणी उभें आहे एवढें कळे. कोण उभें आहे, हें आवाजावरून ओळखावें लागे. तरी ज्याला दिवस व रात्र यांतला भेदही उरला नव्हता, त्याला हा लाभ मोठाच होता. मात्र गांवोगांव फिरून सुईनें पडदा सारणारे जे लोक आपल्या देशांत विसाव्या शतकापर्यंत होते, ते क्रिया झाल्याबरोबर रोग्यापुढें बोटें नाचवीत, बिदागी घेत व दुसऱ्या गांवाला लागत. पुढें डोळा पिकला कीं गेला, हें पाहण्यास ते थांबत नसत. त्यांच्या पद्धतीचा खरा दोष सुईंत होता, तितकाच या न थांबण्यांतही होता.

थांबून पाहणाऱ्यांचें एक उदाहरण आपल्या मराठी इतिहासांत आहे, आणि त्याची माहिती आपणांस असावी तितकी नाहीं. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले (१७७७–१८३२) हे श्वार्ट्‌स नांवाच्या मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं शिकले. सरस्वतीमहाल ग्रंथालय त्यांच्यामुळें भरभराटीस आलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु धन्वंतरीमहाल या नांवानें त्यांनीं वैद्यकाचा एक विभाग चालविला होता, व तेथें नेत्ररोग्यांवर उपचार होत. त्या रोग्यांच्या हकीकतींचे कागद सरस्वतीमहालांत राहिले आहेत. मजकूर इंग्रजींत व मोडी लिपींतील मराठींत आहे, आणि त्याच्या जोडीला रोग्यांच्या डोळ्यांचीं चित्रें काढलेलीं आहेत. सर्वांचा मिळून एक नमुन्याचा डोळा नव्हे. ज्याचा त्याचा डोळा, जसा दिसला तसा. छायाचित्रण अजून जन्मास यावयाचें होतें, त्या काळांत कावेरीकांठीं मराठी बोलणाऱ्या दरबारांत हें काम चाललें होतें. प्रत्येक रोग्याचा डोळा निराळा आहे व त्याची नोंद ठेविली पाहिजे, ही जाणीव त्या कागदांत आहे. तंजावरच्या तोफा व वाडे पाहावयास जाणाऱ्यांनीं या कागदांचीही विचारपूस करावी.

इकडे युरोपांत १७४७ सालीं झाक दाविएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें भिंग बाजूस न सारतां डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत सुरू केली. ती रुळण्यास शंभर वर्षें लागलीं. मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ त उघडलें. पुढें त्याच्याच आवारांत कावसजी जहांगीर यांच्या देणगीनें डोळ्यांचें स्वतंत्र रुग्णालय निघालें, आणि ही पाश्चात्त्य पद्धत आपल्याकडे रुजली. अंधत्व गेलें. पण त्याच्या जागीं जें आलें, त्याचें वर्णन केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

भिंग काढलेल्या डोळ्यापुढें दहा-बारा डायॉप्टर शक्तीचें बहिर्गोल भिंग धरावें लागतें. तो चष्मा आमच्या पिढींतील प्रत्येकानें कोणा ना कोणा आजोबांच्या नाकावर पाहिलेला आहे. कांच मध्यभागीं फुगलेली, तिच्याआड डोळे टपोरे झालेले. मुलांना त्याची गंमत वाटे. परंतु आंतून पाहणाऱ्याचें जग कसें होतें? प्रत्येक वस्तु सुमारें पाव हिश्शानें मोठी, आणि म्हणून जवळ आलेली. पेल्यांत पाणी ओतावें, तर धार पेल्याच्या अलीकडेच पडावी. दाराची चौकट सरळ न दिसतां आंत वांकलेली दिसावी. जिन्यावर पाऊल टाकावें, तर पायरी वाटली त्याहून खालीं असावी. आणि कांचेच्या कडेशीं एक कंकणाकृति पट्टा असा असे, कीं त्यांत कांहींच दिसत नसे. रस्त्यानें येणारी सायकल त्या कंकणांत शिरली कीं नाहींशी होई, व दुसऱ्या क्षणीं एकाएकीं अंगावर आल्यासारखी उगवे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असली, तर दोन डोळ्यांना दोन आकारांचीं जगें दिसत. तीं एकत्र करणें मेंदूच्या आवांक्याबाहेर होतें. म्हातारे लोक मोतीबिंदू काढल्यावर चिडचिडे होतात, असें आमच्या घरांतून म्हणत. मला वाटतें, चिडचिडें होण्यास याहून सबळ कारण शोधूनही सांपडणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या मोठ्या नेत्रशिबिरांनीं लाखो लोकांना दृष्टि दिली, त्यांच्याही शेवटीं हाच चष्मा होता. विजापूर जिल्ह्यांतील (आतां बागलकोट) बिळगी या गांवीं जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी यांनीं गांवोगांव जाऊन एकेका दिवशीं शेंकडों शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या कार्याविषयीं आदर बाळगूनच हें सांगावयाचें, कीं घरीं गेल्यावर तो चष्मा फुटला किंवा हरवला, तर खेड्यांतील माणूस पुन्हा जवळ जवळ आंधळाच होई.

आतां ज्याच्या तक्रारी जगांत सर्वांत प्रसिद्ध झाल्या, अशा रोग्याकडे वळूं. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार. डोळा हेंच त्याचें भांडवल. १९१२ त त्याला मोतीबिंदूचें निदान झालें. शस्त्रक्रियेच्या भीतीनें त्यानें दहा वर्षें काढलीं. भिंग पिवळें-तपकिरी होत जाई तशीं त्याचीं चित्रें तांबूस व गढूळ होत गेलीं. रंगांच्या नळ्यांवरचीं नांवें वाचून व फळ्यावर रंग ठराविक जागीं मांडून तो काम चालवी. अखेर त्याचा मित्र, फ्रान्सचा माजी मुख्य प्रधान व स्वतः वैद्यकाचा पदवीधर असलेला क्लेमांसो, याच्या आग्रहावरून १९२३ च्या जानेवारींत डॉ. शार्ल कूतेला यांनीं त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर मोने ज्या शब्दांत संतापला, ते वाचून डॉक्टरला शस्त्र उचलल्याचा पश्चात्ताप झाला असेल. वस्तु वांकड्या दिसतात, रंग खोटे दिसतात, प्रथम सारें पिवळें व मग सारें निळें दिसतें, अशी त्याची तक्रार होती.

ही तक्रार खरी होती. आपलें नैसर्गिक भिंग वयोमानानें पिवळें होत जातें व निळा प्रकाश अडवितें. ही क्रिया इतकी सावकाश होते, कीं मनुष्यास ती कळत नाहीं. तें भिंग काढतांच इतक्या वर्षांचा अडलेला निळा रंग एकदम आंत येतो. जंबुपार किरणांचाही कांहीं भाग पोहोंचतो. मोनेला अखेर रंगीत कांचांचा चष्मा मिळाला, त्यानें कमळांच्या मोठ्या चित्रांचें काम पुन्हा हातीं घेतलें, आणि १९२६ त तो वारला. दुसऱ्या डोळ्याला मात्र त्यानें कोणास हात लावूं दिला नाहीं. आज आपल्या घरांत शस्त्रक्रियेनंतर जे आजोबा धोब्यानें नीळ जास्त घातली म्हणून भांडतात, ते मोनेचेच जातभाई होत. धोबी निर्दोष आहे. कपडा पूर्वींही तसाच पांढरा होता. पिवळा होता तो डोळा. कांहीं आठवड्यांत हा निळेपणा मेंदू आपोआप वजा करूं लागतो.

जाड चष्म्याच्या त्रासावर खरा उपाय निघाला तो युद्धामुळें. १९४० च्या ऑगस्टांत इंग्लंडवरील हवाई लढाईंत गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचें छत फुटून त्याच्या डोळ्यांत पर्स्पेक्स नांवाच्या पारदर्शक पदार्थाचे तुकडे शिरले. हॅरॉल्ड रिड्ले या नेत्रवैद्यानें अशा जखमी डोळ्यांत पाहिलें, कीं हे तुकडे आंत राहिले तरी डोळा त्यांच्याविरुद्ध पेटून उठत नाहीं. काढलेल्या भिंगाच्या जागीं दुसरें कां बसवीत नाहीं, असें एका विद्यार्थ्यानें त्यांस विचारल्याची गोष्ट सांगतात. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत रिड्ले यांनीं पर्स्पेक्सचें पहिलें भिंग एका बाईच्या डोळ्यांत बसविलें; पुढच्या फेब्रुवारींत तें कायमचें झालें. हा इतिहास सर्वत्र गौरवानें सांगितला जातो आणि तो गौरवास्पदच आहे. परंतु त्या बाईला काय दिसलें? भिंगाची शक्ति हिशेबापेक्षां फार जास्त झाली होती. दूरचें पाहण्यासाठीं तिला जबर लघुदृष्टीचा चष्मा लावावा लागला. आज शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्याची लांबी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजतात, त्याच्या मुळाशीं हा अनुभव आहे. रिड्ले यांच्यावर समव्यवसायी मंडळींनीं वर्षानुवर्षें टीका केली. १९९० सुमारास त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगें बसलीं, त्याच रुग्णालयांत. २००० सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि पुढच्या वर्षीं ते गेले.

मधल्या काळांतील सुधारणा मी भराभर सांगून टाकतों. १९६७ त चार्ल्स केल्मन या अमेरिकन वैद्यानें ध्वनिलहरींनीं भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. घडी घालून बारीक छेदांतून आंत सोडतां येणारीं भिंगें आलीं. १९९२ त मदुरेस अरविंद संस्थेच्या कारखान्यांत भिंगें बनूं लागून त्यांच्या किमती उतरल्या. आणि १९९४ त जागतिक बँकेच्या साहाय्यानें मोतीबिंदूविरुद्ध जी मोठी योजना सात राज्यांत सुरू झाली, तींत महाराष्ट्र होतें. मुंबईंत जे. जे. रुग्णालयांत डॉ. तात्याराव लहाने यांच्या हातून एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जाड चष्मा एका पिढींत दिसेनासा झाला.

मग खळें कोठून आलें? येथें एक मोठी मौजेची गोष्ट आहे. कृत्रिम भिंग ज्या पातळ पिशवींत बसवितात, तिची मागची बाजू पूर्वीं पुष्कळांच्या बाबतींत एक-दोन वर्षांत पुन्हा धुरकट होई. रोगी म्हणे, मोतीबिंदू परत आला. यावर १९९० नंतरच्या दशकांत असा शोध लागला, कीं भिंगाचा कांठ गोल न ठेवतां चौकोनी, धारदार ठेविला, तर पेशींना त्या कांठाखालून सरकतां येत नाहीं व पिशवी स्वच्छ राहते. युक्ति सफल झाली. परंतु गोल कांठ प्रकाश विखरून टाकीत असे. चौकोनी कांठ तो आरशासारखा परतवूं लागला. धुरकटपणाची तक्रार कमी झाली, आणि कडेला चमकणाऱ्या कोरीची, दिव्यांतून निघणाऱ्या रेषांची, काळ्या चंद्रकोरीसारख्या सावलीची तक्रार वाढली. २००० सालीं डॉ. जेम्स डेव्हिसन यांनीं या तक्रारींचे दोन वर्ग करून त्यांस नांवें दिलीं. नको असलेला उजेड दिसणें हा एक. नसलेला अंधार दिसणें हा दुसरा. नांव मिळालें म्हणजे रोग बरा होत नाहीं हें खरें. पण ज्या तक्रारीस नांव नाहीं, ती तक्रार नसून स्वभाव आहे, असें समजण्याची वैद्यांस व घरच्यांस संवय असते.

आमच्या जोगेश्वरींतील एक निवृत्त शिक्षक आहेत. शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली, तक्त्यावरची शेवटची ओळ ते वाचूं लागले. पण उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूस त्यांना सतत एक काळी कोर दिसे. कोणी तरी कोंपराशीं येऊन उभें आहे असें वाटून ते दचकून वळत. जेथें शस्त्रक्रिया झाली, तेथें त्यांस सांगण्यांत आलें, “आजोबा, डोळा नंबर एक झाला आहे. हा तुमच्या मनाचा खेळ.” त्यांनीं संध्याकाळचें फिरणें बंद केलें. सूनबाई म्हणत, “बाबा, डॉक्टर म्हणतात ना कांहीं नाहीं, मग कशाला घाबरतां?” दोन महिन्यांनीं दुसऱ्या एका नेत्रवैद्यानें त्यांस खिडकीकडे बसविलें आणि त्यांच्या कानशिलाजवळ आपला हात आडवा धरला. कोर नाहींशी झाली. हात काढला, कोर परत आली. मास्तरांना एवढें पुरें झालें. मला ते म्हणाले, “दिसणें बंद झालें नाहीं हो, पण मी वेडा नाहीं एवढें कळलें.”

हा हात आडवा धरण्याचा प्रयोग काय सांगतो, तें समजण्यास जोगेश्वरीचीं लेणीं उत्तम आहेत. सहाव्या शतकांतील हें शिवालय जमिनीच्या पातळीखालीं कोरलेलें आहे. पायऱ्या उतरून आंत जावें लागतें. खांबांच्या रांगांमधून चार दारांच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोंचेतों उजेड पायरीपायरीनें मागें राहतो. पायऱ्यांवर उभें असतांना ऊन बाजूनें डोळ्यांत येतें. बाहुली आकसलेली असते. कृत्रिम भिंग नैसर्गिक भिंगाहून पातळ व लहान, त्याचा व्यास सुमारें सहा मिलिमीटर. बुबुळ व भिंग यांच्यामध्यें थोडी मोकळी जागा राहते. कानशिलाकडून तिरपे येणारे कांहीं किरण भिंगांतून वळून जातात, कांहीं त्याच्या कांठाबाहेरून सरळ निसटतात. दोहोंच्या मध्यें दृष्टिपटलावर जी पट्टी उजेडावांचून राहते, ती काळी कोर, असें स्पष्टीकरण आज बहुधा दिलें जातें, जरी तज्ज्ञांचें त्यावर पूर्ण एकमत नाहीं. आतां आंत गाभाऱ्याजवळ चला. अंधारानें बाहुली पसरते, कोर बहुधा मिटते. आणि देवीपुढच्या समईकडे पाहावें, तों ज्योतीला किरणें फुटतात. पसरलेल्या बाहुलींतून आतां भिंगाचा कांठही उजेडाच्या वाटेंत आला आहे. एकाच डोळ्यांत, एकाच वास्तूंत, पन्नास पावलांच्या अंतरानें हे दोन्ही विकार अनुभवास येऊं शकतात. लेण्यांवरून परत येतांना द्रुतगति महामार्गावर समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे या दुसऱ्या वर्गांत मोडतात. जवळचें व दूरचें दोन्ही दाखविणाऱ्या बहुकेंद्री भिंगांत खळीं त्याहून अधिक दिसतात. कारण तीं भिंगें प्रकाश मुद्दामच वांटून घेतात.

हें किती दिवस टिकतें? डॉ. रॉबर्ट ऑशर यांनीं २००८ त प्रसिद्ध केलेल्या पाहणींत शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं सुमारें १५ टक्के रोग्यांना काळी कोर दिसत होती; दोन-तीन वर्षांनंतर ती तक्रार करणारे दोन-अडीच टक्के उरले होते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतींत छेदाची जागा भरून येणें आणि मेंदूचा सराव हीं दोन औषधें काम करतात. मेंदूला संवय लागावयाची, तर कोर आहे कीं गेली हें तासातासाला तपासूं नये. दांत दुखतो कीं नाहीं हें जिभेनें चांचपण्यासारखें तें होतें. बाजूनें येणारा उजेड अडवावा: कडेला रुंद काड्या असलेला चष्मा, टोपीची झांप, किंवा बसण्याची खुर्ची खिडकीपासून थोडी फिरविणें, एवढ्यानेंही पुष्कळ काम होतें. रात्रीं अंधाऱ्या खोलींत एकच प्रखर दिवा लावून वाचूं नये. खोलींतही मंद उजेड असावा, म्हणजे बाहुली फार पसरत नाहीं. पहिले कांहीं आठवडे रात्रीं वाहन चालवूं नये. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पुष्कळदां काळी कोर मंदावते. पिशवी धुरकट झाली असल्यास लेझर किरणानें ती क्षणांत उघडतां येते; पण केवळ खळ्यासाठीं तो उपाय घाईनें करवून घेऊं नये, कारण मागाहून भिंग बदलण्याची वेळ आली, तर उघडलेल्या पिशवींत तें काम अवघड होतें. भिंग बदलणें हा अगदीं शेवटचा उपाय.

येथवर जें सांगितलें, तें निरुपद्रवी विकारांबद्दल. पण सारेच विकार तसे नसतात. याच जोगेश्वरींत, महामार्गालगतच्या महानगरपालिकेच्या ट्रॉमा रुग्णालयांत, २०१९ च्या जानेवारींत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सात जणांपैकीं पांच जणांची त्या डोळ्याची दृष्टि जंतुसंसर्गानें गेली, असें त्या वेळीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. डोळा बरा करून घ्यावयास गेलेल्या गरीब घरांतील माणसांवर असा प्रसंग यावा, यापरतें दुःख नाहीं. असा संसर्ग क्वचित् होतो, पण झाल्यास घटकांचा हिशेब असतो. म्हणून दोन प्रकारच्या तक्रारींतला भेद घरांतील प्रत्येकास माहीत हवा. खळें, कोर, किरणें, निळेपणा हीं दिवसेंदिवस तशींच राहतात किंवा कमी होतात, आणि डोळा दुखत नाहीं. याउलट डोळा ठणकूं लागला, लाल झाला, काल दिसत होतें तें आज अंधुक झालें. किंवा विजेसारख्या चमका व काळ्या ठिपक्यांचा एकाएकीं वर्षाव सुरू झाला, दृष्टीवर कडेकडून पडदा उतरूं लागला, तर उद्यां सकाळपर्यंतही थांबूं नये. पहिल्या लक्षणांत जंतुसंसर्गाचा संशय, दुसऱ्यांत दृष्टिपटल सुटण्याचा. दोन्हींत त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे पोहोंचणें, रविवार असला तरी, हाच उपाय.

नेत्रवैद्याकडे जातांना एक कागद बरोबर न्यावा. त्यावर आपल्यास दिसणारें खळें किंवा कोर पेन्सिलीनें काढावी: कोणत्या डोळ्यानें, घड्याळाच्या तबकडीवर धरलें तर कितव्या तासाच्या जागीं, दिवसा कीं रात्रीं, कानशिलाशीं हात धरल्यावर जातें कीं राहतें. ‘नीट दिसत नाहीं’ या तीन शब्दांवरून डॉक्टरला फारसें कांहीं कळत नाहीं. या चित्रावरून पुष्कळ कळतें. महिन्याभरानें त्याच कागदावर, तारीख घालून, दुसरें चित्र काढावें.